अंदाजपत्रकाची भाषा : स्वयंपाकघराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने एक शब्दार्थविचार

'अंदाजपत्रक' हा शब्द दोन भिन्न घराण्यांतील शब्दांच्या संयोगातून झाला आहे. त्याचा पूर्वार्ध फार्सी, उत्तरार्ध संस्कृत. अशा संकरित समासांची मराठीत वाण नाही. परंतु या समासाची विशेष दखल घ्यावी असे कारण आहे. फार्सीतील 'अंदाजा' या शब्दाचा मुख्य अर्थ माप, परिमाण असा होतो. मराठीत आल्यावर तो मापाकडून अटकळीकडे झुकला. 'अंदाजाने मीठ घातले' असे आपण म्हणतो, तेव्हा न मोजता घातले हेच आपल्याला सांगावयाचे असते. परिणामी अंदाजपत्रक हे मापाचे पत्रक की अटकळीचे, या प्रश्नाचे उत्तर शब्दातून मिळत नाही. घर दुरुस्त करून घेणारा मालक ते माप म्हणून वाचतो. काम घेणारा ठेकेदार ते अटकळ म्हणून लिहितो. दोघांमधील बहुतेक कलहांचे मूळ या दुहेरी वाचनात आहे.

हा प्रश्न केवळ शब्दकुतूहलाचा नाही. आयुष्याच्या बचतीतून एखादे जुने, लहान घर घ्यावे, ते नीट करून भाड्याने द्यावे आणि त्या भाड्याचा पुढील काळात आधार व्हावा, असा विचार करणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आपल्या शहरांत पुष्कळ आहेत. अशा घरात सर्वांत अधिक खर्च ज्या खोल्यांवर होतो त्यांत स्वयंपाकघर अग्रभागी असते. कारण पाणी, निचरा, वीज, गॅस, दगड, लादी आणि लाकूड ही सारी कामे तेथे एकत्र येतात. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अशाच एका घराच्या स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक स्वीकारले, तेव्हा अकरा बाबींचा तो कागद त्यास परिपूर्ण वाटला होता. काम संपल्यावर आलेल्या देयकात सतरा बाबी होत्या. वाढलेल्या सहा बाबींपैकी एकही खोटी नव्हती. प्रत्येक काम खरोखरच झालेले होते आणि करणे भागही होते. दोष लबाडीचा नव्हता, वाचनाचा होता. भाषाविज्ञान शिकविणाऱ्याने एक पानभर मजकूर नीट वाचला नाही, याची बोच हेच प्रस्तुत लेखाचे निमित्त होय.

वाक्यापासून अर्थबोध कसा होतो याचा विचार करताना आपल्याकडील नैयायिकांनी आणि मीमांसकांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. त्यांच्या जोडीला वक्त्याच्या तात्पर्याचाही विचार केला जातो. शास्त्रग्रंथांतील वाक्यांसाठी घडविलेली ही साधने गवंड्याच्या कागदासही किती चपखल लागू पडतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. आकांक्षा

एका पदाला अर्थ पुरा होण्यासाठी दुसऱ्या पदाची जी अपेक्षा असते ती आकांक्षा. 'आणा' एवढेच म्हटले तर 'काय?' ही अपेक्षा शिल्लक राहते. आता अंदाजपत्रकातील पुढील नमुनेदार ओळ पाहा : 'जुना ओटा काढणे – १ नग'. वरवर पाहता वाक्य पूर्ण आहे. कर्म आहे, क्रिया आहे, संख्याही आहे. परंतु 'काढणे' या क्रियेला कोठून आणि कोठे या दोन्हींची अपेक्षा असते. ओटा भिंतीतून निघतो, तेव्हा भिंतीचा गिलावाही सोबत येतो; तो भरून कोणी द्यावयाचा? ओट्याखालून सांडपाण्याचा नळ गेलेला असतो. तो तात्पुरता बंद कोणी करावयाचा? निघालेला राडारोडा जिन्यावरून खाली नेणे, वाहनात भरणे आणि महानगरपालिकेने ठरवून दिलेल्या जागी टाकणे ही तीन स्वतंत्र कामे आहेत. 'काढणे' या एका शब्दात ती सामावली आहेत असे मालक धरून चालतो, तर ती वेगळी आहेत असे ठेकेदार मानतो. व्याकरण दोघांपैकी कोणासही चूक ठरवीत नाही.

या संदिग्धतेला '-णे' या रूपाचा मोठाच हातभार लागतो. 'काढणे', 'बसविणे', 'भरणे' ही रूपे क्रियेचे केवळ नाव सांगतात. त्यांत काळ नाही, पुरुष नाही, कर्ताही नाही. 'ठेकेदार राडारोडा वाहून नेईल' असे लिहिले असते तर कर्ता बांधला गेला असता. 'राडारोडा वाहून नेणे' असे लिहिल्याने क्रिया सांगितली गेली, पण ती कोणाच्या माथी हे अध्याहृत राहिले. आणि ही ओळच लिहिली नसेल तर क्रियाही मालकाच्या कल्पनेतच राहिली.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचींतील बाबींची वाक्ये फार लांबलचक असतात, अशी तक्रार नेहमी केली जाते. एका बाबीत साहित्य कोणते, सिमेंट व वाळू यांचे प्रमाण काय, जाडी किती, परांची बांधणे, पाणी मारणे, जागा साफ करून देणे असे सारे एकाच श्वासात सांगितलेले असते. साहित्यदृष्ट्या ही वाक्ये रुक्ष होत. पण त्यांची लांबी हा दोष नव्हे. 'पुरविणे व बसविणे' या जोडक्रियापदाचाच विचार करावा. केवळ 'बसविणे' म्हटले तर माल कोणाचा, ही आकांक्षा राहते. 'पुरविणे' हे पद ती भागविते. अनुभवाने शहाण्या झालेल्या गद्यशैलीने वादाच्या एकेका जागेवर एकेक पद ठेवले आहे. खाजगी अंदाजपत्रक आटोपशीर दिसते, ते पुष्कळदा या पदांचा लोप करूनच. गाळलेले प्रत्येक पद पुढे जादा बाब होऊन परत येते.

२. योग्यता

पदांच्या अर्थांचा परस्परसंबंध बाधित नसणे म्हणजे योग्यता. 'विस्तवाने शिंपतो' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी विस्तवात शिंपण्याची योग्यता नाही, हे शास्त्रकारांचे जुने उदाहरण प्रसिद्धच आहे. अंदाजपत्रकात हा प्रश्न दोन ठिकाणी उपस्थित होतो : एककाच्या आणि साहित्याच्या निवडीत.

प्रथम एकके घेऊ. नळाची लांबी फुटांत, लादीकाम चौरस फुटांत आणि भराव घनफुटांत मोजावा हे उघड आहे. परंतु स्वयंपाकाचा ओटा सामान्यतः 'रनिंग फूट' या एककाने मोजला जातो. ओट्याला लांबी आहे, तशी रुंदीही आहे; असे असता केवळ लांबीवर दर ठरविणे योग्य कसे? याचे उत्तर असे की ओट्याची रुंदी सुमारे २ फूट असते हा संकेत या एककात गृहीत धरलेला आहे. सरळ ओट्यापुरता हा संकेत निर्वेध चालतो. ओटा काटकोनात वळला की तो मोडतो.

समजा, खोली आतून १० फूट × ८ फूट आहे आणि लगतच्या दोन भिंतींना धरून २ फूट रुंदीचा ओटा करावयाचा आहे. भिंतीच्या बाजूने मोजल्यास त्याची लांबी १० + ८ = १८ फूट भरते. समोरच्या कडेने मोजल्यास ती ८ + ६ = १४ फूट भरते. मध्यरेषेवर मोजल्यास ९ + ७ = १६ फूट. तिन्ही मापे प्रामाणिकच आहेत. उदाहरणादाखल दर फुटास १,५०० रुपये मानला, तर रक्कम अनुक्रमे २७,०००, २१,००० आणि २४,००० रुपये होते. दराविषयी घासाघीस करून मालकाने फुटामागे शंभर रुपये कमी करविले, तर भिंतीकडील मापाने १,८०० रुपये वाचतील. पण माप कोठून घ्यावयाचे हे न विचारल्यामुळे ६,००० रुपयांचे अंतर पडू शकते. ओट्याचे खरे क्षेत्रफळ ३२ चौरस फूट आहे, आणि ते २ फूट रुंदीने भागले की १६ फूट येतात. म्हणून मध्यरेषेचे माप क्षेत्राशी जुळते. कोपरा दोनदा मोजला जाऊ नये यासाठी हे एक साधे गमक पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण लादीचे. भारतात १९५६ च्या केंद्रीय कायद्याने वजन-मापांची दशमान पद्धती स्वीकारली गेली. तथापि बांधकामाच्या बोलीतून फूट हटलेला नाही. त्यामुळे एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली आहे : वस्तू मीटरात घडते आणि तिचे नाव फुटात राहते. बाजारात 'दोन बाय दोन' म्हणून विकली जाणारी लादी सामान्यतः ६०० मिलिमीटर चौरस असते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. हे साडेनऊ मिलिमीटरचे अंतर एका लादीत डोळ्यांस दिसत नाही. वरील खोलीच्या ८० चौरस फूट जमिनीस नावावरून हिशेब केल्यास बरोबर २० लाद्या पुरतात. पण खरे क्षेत्र ७.४३ चौरस मीटर आहे आणि एक लादी ०.३६ चौरस मीटर व्यापते, तेव्हा २१ लाद्यांहून कमीत भागत नाही. शिवाय लांबीकडे सुमारे ५ सेंटिमीटर आणि रुंदीकडे सुमारे ४ सेंटिमीटर पट्टी उरते. ती कापून भरावयाची, की ओट्याखाली व भिंतीलगतच्या पट्टीखाली दडवावयाची, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. तुटफूट व कापणी यांसाठी दहा टक्के वाढ धरली आणि चार लाद्यांची एक पेटी असली, तर सहा पेट्या, म्हणजे २४ लाद्या विकत घ्याव्या लागतात. बसलेली लादी, लागणारी लादी आणि विकत घेतलेली लादी ही तीन भिन्न परिमाणे आहेत. अंदाजपत्रकात 'लादी – ८० चौ. फूट' असे लिहिले असेल तर त्यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, हे विचारणे मालकाचे काम आहे.

वीजकामातील 'पॉइंट' हे एकक तर परिमाणशून्यच म्हणावे लागेल. बटणफळीपासून तीन फुटांवरील दिवा हाही एक पॉइंट आणि पंचवीस फुटांवरील दिवा हाही एक पॉइंट. दूरच्या आणि जवळच्या पॉइंटांची सरासरी दरात धरलेली असते, म्हणून संपूर्ण घरास हे एकक न्याय्य ठरते. केवळ स्वयंपाकघराचे काम असेल तर ती सरासरी बिघडते. त्यातही ६ अँपिअरचा पॉइंट आणि शीतकपाट, ओव्हन किंवा गीझर यांसाठी लागणारा १६ अँपिअरचा पॉइंट यांचे नाव एक असले तरी तार एक नसते. 'पॉइंट – ८ नग' ही ओळ म्हणून अपुरी होय.

मोजण्याच्या रीतीचाही याच सदरात विचार केला पाहिजे. गिलावा करताना खिडकीची मोकळी जागा वजा करावयाची की नाही? भारतीय मानक आयएस १२०० यात याविषयी नियम दिलेला आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट करीत नाहीत. त्याहून मोठ्या पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीसाठी, भिंतीच्या दोन्ही अंगांस सारखाच गिलावा असल्यास, एकाच अंगाची वजावट करतात. त्याहून मोठी असल्यास दोन्ही अंगांची वजावट करून कडांचे गिलावाकाम स्वतंत्र मोजतात. यामागील तर्क सुबोध आहे. लहान उघाडीत गिलाव्याचे क्षेत्र वाचते, पण कडा साधण्याची मेहनत वाढते. दोहोंची वजाबाकी सारखी मानली आहे. ज्यास हा तर्क ठाऊक नाही, त्यास न केलेल्या वजावटीत लुबाडणूक दिसते. आणि ज्या ठेकेदारास तो ठाऊक आहे पण सांगता येत नाही, त्याच्यावर विनाकारण संशय येतो. 'गिलावा' हा शब्दही मुळात फार्सीच. 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. चिखलाचे लिंपण जाऊन सिमेंटचा थर आला तरी नाव तेच राहिले.

आता साहित्याची योग्यता. स्वयंपाकघरातील दगडांची नावे पाहिली तर भूगोलाचा धडा समोर येतो. कडप्पा हा आंध्र प्रदेशातील जिल्हा, शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील गाव, कोटा हे राजस्थानातील शहर. तिन्ही विशेषनामे मराठीत सामान्यनामे झाली आहेत, इतकी की 'मांडणीला कडप्पा लावा' असे म्हणणाऱ्यास जिल्ह्याची आठवणही होत नाही. परंतु विशेषनामाचे सामान्यनाम होताना त्यातील गुणधर्माची माहिती गळून पडते. हे तिन्ही दगड चुनखडकाच्या जातीचे असून आम्लाने त्यांच्यावर परिणाम होतो. लिंबाचा रस, चिंचेचे पाणी किंवा आम्लयुक्त स्वच्छताद्रव्य सांडून राहिले की त्यांची झिलई जाते व डाग पडतात. ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक. त्यावर स्वयंपाकातील आम्लांचा तसा परिणाम होत नाही. म्हणून मांडणीच्या कप्प्यांना कडप्पा आणि ओट्याच्या पृष्ठास ग्रॅनाइट ही वाटणी केवळ रुचीची नसून योग्यतेची आहे. भाड्याच्या घरात हिला अधिकच महत्त्व येते. कारण तेथे वापरणारा एक आणि निगा राखण्याचा खर्च करणारा दुसरा असतो.

३. संनिधी

परस्परसंबद्ध पदांचे एकमेकांजवळ असणे म्हणजे संनिधी. 'उत्तम प्रतीचा ग्रॅनाइट ओटा, सिंक व नळ बसविणे' ही ओळ घ्या. 'उत्तम प्रतीचा' हे विशेषण फक्त ओट्याचे, की तिन्हींचे? लिंगवचनावरून ते ओट्याशी जुळते. परंतु मराठीत अनेक नामांआधी आलेले विशेषण पुष्कळदा जवळच्या नामाचेच लिंगवचन घेते आणि तरीही सर्वांस लागू पडते. सबब व्याकरणाच्या आधारे सिंक व नळ यांच्या प्रतीविषयी काहीच निर्णय देता येत नाही. यावर उपाय एकच : प्रत्येक वस्तूस स्वतंत्र ओळ आणि प्रत्येक ओळीत तिचे स्वतःचे विशेषण. त्यातही 'उत्तम' हे विशेषण मोजता येत नाही. जाडी, आकार, धातू आणि निर्मात्याचे नाव ही विशेषणे मोजता किंवा पडताळता येतात.

संनिधीचा खरा भंग मात्र पानाच्या शेवटी होतो. बाबी पहिल्या पानावर असतात. 'माल वर चढविण्याची मजुरी वेगळी', 'पाणी व वीज मालकाची', 'कर वेगळा', 'भिंतीच्या आतील जुन्या नळांची हमी नाही' अशी वाक्ये शेवटच्या पानावर तळाशी असतात. वस्तुतः ती त्या त्या बाबींची विशेषणे होत. 'ओटा – २४,००० रुपये' ही ओळ आणि 'कर वेगळा' ही ओळ यांत दोन पानांचे अंतर पडले, की वाचकाच्या मनात २४,००० हाच आकडा पक्का होतो. दक्ष वाचकाने तळाची प्रत्येक अट उचलून ज्या बाबीस ती लागू पडते तिच्याशेजारी स्वहस्ते लिहावी आणि मग बेरीज पुन्हा करावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत वाढलेल्या सहा बाबींपैकी तीन अशा रीतीने आधीच दिसल्या असत्या. उरलेल्या तीन, म्हणजे राडारोडा, गिलाव्याची भरपाई आणि निचऱ्याच्या नळाची जुळणी, या 'काढणे' या शब्दाच्या आकांक्षेत दडलेल्या होत्या.

४. तात्पर्य

'सैंधव आणा' या वाक्यातील 'सैंधव' म्हणजे मीठ की सिंधुदेशचा घोडा, हे वक्त्याच्या तात्पर्यावरून ठरते. जेवणाच्या वेळी मीठ, प्रवासाच्या वेळी घोडा. बांधकामाच्या बोलीत असे सैंधव पुष्कळ आहेत. 'ब्रास' हे एकक वाळू, खडी किंवा राडारोडा यांच्या बाबतीत १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर दर्शविते. गिलावा किंवा रंग यांच्या बाबतीत तेच १०० चौरस फूट होते. 'मोरी' म्हणजे पाणी वाहून जाण्याचा मार्ग आणि 'मोरी' म्हणजे भांडी घासण्याची जागा. 'मोरी दुरुस्त करणे' या बाबीत कोणती अभिप्रेत आहे यावर शेकड्यांचा की हजारांचा खर्च हे ठरते. 'ओटा' हा शब्दही असाच सरकलेला आहे. जुन्या घरात ओटा दारापुढे, बसण्याउठण्यासाठी असे. स्वयंपाक जमिनीवर चुलीपुढे बसून होई. उभ्याने स्वयंपाक करण्याची रीत रूढ झाली तसा ओटा अंगणातून स्वयंपाकघरात आला. मूळ बांधकामातील आकाराची कल्पना टिकली आणि प्रयोजन बदलले, असे हे अर्थांतर आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा तात्पर्यभेद कामाच्या शीर्षकातच असतो. 'दुरुस्ती' आणि 'नूतनीकरण' हे शब्द आपण पर्याय म्हणून वापरतो. ते पर्याय नाहीत. 'दुरुस्त' हा फार्सी शब्द. त्याचा अर्थ बरोबर, ठीक, शाबूत. दुरुस्ती म्हणजे जे पूर्वी ठीक होते ते पुन्हा ठीक करणे. 'नूतनीकरण' यात संस्कृतातील च्वि प्रत्यय आहे; जे तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे, ज्यास वैयाकरण अभूततद्भाव म्हणतात, तो त्याचा अर्थ होय. म्हणजे पहिल्या शब्दाची दृष्टी मागे, तर दुसऱ्याची पुढे. गळका नळ बदलणे ही दुरुस्ती. कडप्प्याच्या धडधाकट ओट्याजागी ग्रॅनाइटचा ओटा करणे हे नूतनीकरण.

भाड्यासाठी घेतलेल्या घरात हा भेद पैशांत मोजता येतो. दुरुस्ती न केल्यास आहे ते भाडे जाते. नूतनीकरण केल्यास, झालेच तर, भाडे वाढते. दुरुस्तीबाबत मालकास फारसे स्वातंत्र्य नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये, भाडेकराराने अन्यथा ठरलेले नसल्यास, जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही त्याने हयगय केल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च, वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाच्या मर्यादेत, भाड्यातून वळता करू शकतो. घर लिव्ह अँड लायसन्स कराराने दिले असल्यास वापरणारा हा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही. तेथे कराराचे शब्दच प्रमाण. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही असाच शब्दभेद निर्णायक आहे : पावसाच्या पाण्याची व सामाईक बाह्य नळांची गळती संस्थेच्या खर्चाने, तर सदनिकेतील मोरी, सिंक इत्यादींची आतील गळती सभासदाच्या खर्चाने. 'आतील' आणि 'बाह्य' या दोन विशेषणांवर खर्चाची वाटणी उभी आहे.

नूतनीकरणाबाबत मात्र निर्णय सर्वस्वी मालकाचा असतो, म्हणून हिशेबही त्यानेच करावयास हवा. मानू की नूतनीकरणास १,५०,००० रुपये लागतात आणि त्यामुळे मासिक भाडे २,००० रुपयांनी वाढते. वर्षास २४,००० रुपये वाढले, तेव्हा सव्वासहा वर्षांत खर्च वसूल, असे वाटते. परंतु काम चालू असता घर एक महिना रिकामे राहिले आणि १५,००० रुपयांचे भाडे बुडाले, तर खर्च १,६५,००० रुपये धरावा लागतो. शिवाय आयकरात भाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यातून ३० टक्के ठोक वजावट मिळते. ती प्रत्यक्ष दुरुस्तीवर किती खर्च झाला यावर अवलंबून नसते. म्हणजे स्वयंपाकघरावर दीड लाख खर्च केले किंवा काहीच केले नाही, तरी वजावट ३० टक्केच. वाढलेल्या २४,००० रुपयांपैकी १६,८०० रुपये करपात्र झाले आणि कराचा दर, उपकर सोडून, २० टक्के मानला, तर ३,३६० रुपये करात जातात व हाती २०,६४० रुपये उरतात. या गतीने १,६५,००० रुपये वसूल होण्यास सुमारे आठ वर्षे लागतात. तोवर नळ व खण पुन्हा जुने झालेले असतील. हाच आकडा दुरुस्तीस लावणे मात्र गैर होईल. कारण दुरुस्तीची तुलना वाढीव भाड्याशी नव्हे, तर बुडणाऱ्या संपूर्ण भाड्याशी करावयाची असते.

यास्तव अंदाजपत्रक मागतानाच त्याचे दोन भाग मागावेत. एकात दुरुस्ती, दुसऱ्यात नूतनीकरण. पहिला भाग बहुधा टाळता येत नाही. दुसऱ्या भागातील प्रत्येक ओळीस 'हिच्यामुळे भाडे किती वाढेल?' हा प्रश्न विचारता येतो, आणि अनेक ओळी त्या प्रश्नापुढे टिकत नाहीत.

समारोप

वरील विवेचनातून वाचनाची एक रीत हाती येते. प्रत्येक क्रियापदापुढे कोण, कशाने, कोठून, कोठे आणि कुठवर हे प्रश्न ठेवावेत. प्रत्येक परिमाणापुढे ते कोणत्या रेषेवर मोजले आणि काय वजा केले हे लिहून घ्यावे. तळाच्या अटी बाबींशेजारी आणाव्यात. 'इत्यादी', 'किरकोळ' आणि 'आवश्यकतेनुसार' हे शब्द आढळतील तेथे त्यांच्या जागी नावे व संख्या घालाव्यात. एवढे करूनही भिंतीच्या आत काय निघेल हे कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी आकस्मिक खर्चाची तरतूद करतात. नव्या बांधकामात ती ३ ते ५ टक्के धरण्याचा प्रघात आहे. जुन्या स्वयंपाकघरात ती अधिक धरणे शहाणपणाचे. कारण तेथे अज्ञात भाग अधिक असतो. परंतु अज्ञात आणि अनुक्त यांत फरक केला पाहिजे. भिंतीतील गंजलेला नळ अज्ञात होता. राडारोड्याची वाहतूक केवळ अनुक्त होती. पहिल्यासाठी पैसा राखून ठेवावा लागतो. दुसऱ्यासाठी फक्त नीट वाचावे लागते.

आपले बहुतेक विद्यार्थी काव्याचा आणि शास्त्राचा अर्थ लावण्यास शिकतात. मिस्त्री, गवंडी आणि घरमालक यांच्यात फिरणारा कागदही मराठी गद्याचाच एक प्रकार आहे, आणि त्याच्या अर्थावर कोणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीचा एक वाटा अवलंबून असतो. 'अंदाज' या शब्दाने मराठीत आपला मूळ अर्थ सोडला, हे आता बदलता येणार नाही. पण पत्रकाच्या प्रत्येक ओळीत माप पुन्हा आणणे आपल्या हाती आहे.